थंडी मोजणारी मंडळी

थंडी आली हे मला दुकानात कळतं. शाहूपुरीत माझं चष्म्याचं दुकान आहे. सकाळी शटर वर केलं की शेजारच्या टपरीवरून चहा येतो. आलेलं गिऱ्हाईक कप तोंडाशी नेतं आणि त्याच्या दोन्ही काचा एकदम पांढऱ्या होतात. मग कप खाली ठेवून ते माझ्याकडं संशयानं बघतं.

"नंबर चुकलाय काय ओ?"

"नंबर बरोबर आहे. चहा गरम आहे."

गेल्या आठवड्यात या हंगामातलं असं पहिलं गिऱ्हाईक येऊन गेलं. ते गेल्यावर मी गल्ल्याखालच्या कप्प्यातून माउथ ऑर्गन काढला आणि स्वेटरच्या आत, शर्टाच्या खिशात ठेवला. थंडीत त्याला असा छातीशी धरून ऊब द्यावी लागते. नाहीतर आतल्या पितळी पट्ट्या गार पडतात, फुंकलेल्या हवेची वाफ त्यांच्यावर धरते आणि सूर निघायच्या जागी नुसती सर्दी झाल्यासारखी सूं-सूं निघते. आमच्या बायकोला, मंगलला, हे माहीत आहे. तरी ती दर वर्षी एकदा विचारते, "लग्नात मला शाल घ्यायला विसरलेला माणूस तो हाच का?"

आम्ही चौघं माउथ ऑर्गन वाजवतो. 'वाजवतो' हे क्रियापद आमचं आम्ही वापरतो. रंकाळ्याच्या काठावर सकाळी फिरायला येणारे लोक दुसरी क्रियापदं वापरतात. तिथंच आमची ओळख झाली. मी एका कठड्यावर बसून वाजवत होतो, पलीकडच्या कठड्यावरून कुणीतरी तीच चाल वाजवायला लागलं, आणि दोघांचं एकमेकांशी काही जमेना म्हणून भांडायला जवळ आलो. तो तानाजी पाटील. उद्यमनगरात त्याची फाउंड्री आहे. दिवसभर वितळलेल्या लोखंडाच्या समोर उभा राहणारा हा गडी थंडीला मात्र असा भितो की डिसेंबर लागला की दोन कानटोप्या घालतो. एक कानांसाठी आणि दुसरी पहिलीसाठी.

तिसऱ्या सुजाता कांबळे मॅडम. एका शाळेत मुख्याध्यापिका, विषय गणित. आमच्यात खरं वाजवता येतं ते त्यांना एकट्यांनाच. ताल चुकला की त्या काही बोलत नाहीत, नुसत्या थांबतात, आणि आपण दहावीला बसलोय आणि पेपर कोरा आहे असं वाटायला लागतं. चौथे नाईक, चंदगडचे. काजूच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, आता निवृत्त. महिन्यातून एकदा एसटीनं येतात, माझ्याकडं मुक्काम करतात, आणि येताना काजू आणतात म्हणून मंगलचा या छंदाला पूर्ण विरोध होऊ शकत नाही.

चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव तानाजीनं ठेवलं, 'वाजवा की'. ॲडमिन अर्थातच मॅडम. ग्रुपच्या माथ्यावर त्यांनी नियम लिहिलेला आहे: येथे फक्त वादन. शुभ सकाळ, राजकारण, पाककृती व हवामान टाकू नये.

मला सांगायचंय ते मागच्या एका हिवाळ्याबद्दल. त्या हिवाळ्यात या नियमातल्या शेवटच्या शब्दाची पार वाताहत झाली.

तो हिवाळा आला तोच तोऱ्यात. पंचगंगेवर सकाळी वाफ दिसायला लागली. गुऱ्हाळं पेटली होती, त्यामुळं बावड्याच्या बाजूनं वारं आलं की काकवीचा वास शहरात शिरायचा आणि उपाशीपोटी रियाज करणाऱ्या माणसाचं लक्ष उडायचं. उसानं भरलेले ट्रॅक्टर रस्त्यानं धुक्यातून असे यायचे की आधी टेपरेकॉर्डरवरचं गाणं यायचं, मग ट्रॅक्टर. रस्त्याकडेला स्वेटरवाले बसले. मिसळीच्या दुकानात लोक कट जास्त आणि पाव कमी मागायला लागले. आणि एका सकाळी तानाजीनं ग्रुपवर एक फोटो टाकला. लाकडी खांब, खांबावर खिळा, खिळ्याला थर्मामीटर. खाली लिहिलं होतं: "बावड्यात आज तेरा. हाय का कुणाकडं?"

मॅडमनी लगेच उत्तर दिलं: "हा ग्रुप वादनासाठी आहे."

दोन मिनिटांनी मॅडमचाच दुसरा निरोप: "केवळ चूक दुरुस्त व्हावी म्हणून सांगते. कळंब्यात आज अकरा."

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. कोल्हापूरच्या माणसाला आपल्या गल्लीतलं काहीही दुसऱ्या गल्लीपेक्षा कमी असलेलं चालत नाही. मिसळ आमच्याकडंच तिखट, पैलवान आमच्याच तालमीत, खड्डेसुद्धा आमच्याच रस्त्यावर मोठे. थंडी त्याला अपवाद कशी असेल? तानाजी रोज पहाटे उठून फोटो टाकायचा आणि रोज मॅडमचा आकडा त्याच्यापेक्षा खाली असायचा. त्याचे बारा तर त्यांचे दहा. त्याचे अकरा तर त्यांचे साडेनऊ. मी राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या गॅलरीत सोळाच्या खाली पारा उतरायलाच तयार नव्हता, त्यामुळं माझ्याशी कुणी स्पर्धासुद्धा करत नव्हतं. "तुमी दुबईला ऱ्हातायसा काय?" असं तानाजीनं एकदा विचारलं.

आणि नाईक रोज लिहायचे, "इथे धुके आहे. थर्मामीटर दिसत नाही."

रविवारी रंकाळ्यावर जमलो की वाजवायच्या आधी हाच विषय. मॅडम पूर्वी वेळेच्या आधी येऊन बसायच्या. त्या हिवाळ्यात मात्र त्यांना उशीर व्हायला लागला, कधी कधी त्या आल्याच नाहीत. आम्हाला वाटलं, थंडी. त्या नसल्या की आमचा रियाज म्हणजे वर्गात बाई नसल्यासारखा. एका रविवारी तर तानाजीच्या माउथ ऑर्गनमधून आवाजच येईना. वरची पट्टी बंद, खालची पट्टी बंद. ओठ फुटले म्हणून गड्यानं सकाळी कोकमतेल चोपडलं होतं. ते तोंडातल्या उबेनं पातळ होऊन आत शिरलं आणि गार पट्ट्यांवर पुन्हा गोठलं होतं. शेवटी तो माउथ ऑर्गन आम्ही चहाच्या गाडीवर नेला, वाफेवर धरला, आणि तेल गळून चहावाल्याच्या स्टोव्हवर पडल्यावर जो धूर झाला त्यात आमची त्या गाडीवरची उधारी कायमची बंद झाली.

"मॅडम असत्या तर हे झालं नसतं," मी म्हणालो.

"मॅडमचं काय सांगालायसा?" तानाजी धुरानं आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला. "कळंब्यात बावड्यापेक्षा गार? नदीकाठ आमचा, रान आमचं, आणि गार त्यांच्याकडं? त्यांचं थर्मामीटर फ्रिजमधी ठेवत असणार की ओ."

"मुख्याध्यापिका आहेत त्या."

"म्हणूनच तर. त्यांची तपासणी कोण करणार?"

तेव्हा असं ठरलं की नाईकांना पंच करायचं. एकच थर्मामीटर घ्यायचं आणि तेच प्रत्येकाच्या घरी, उजाडताना, उघड्यावर लावायचं. नाईकांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कारखान्याचं जुनं एक हाय माझ्याजवळ. सायबानं निवृत्तीला दिलंय. त्याच्यावर कोण संशय घेणार न्हाय."

पुढच्या शनिवारी संध्याकाळी नाईक चंदगडच्या गाडीतून उतरले, ते एका हातात काजूची पिशवी आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं, हातभर लांबीचं थर्मामीटर घेऊन. सगळा प्रवास त्यांनी ते मांडीवर तान्ह्या पोरासारखं धरलं होतं. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "याचं हाफ तिकीट फाडू काय?"

मंगलनं त्याच्यासाठी टेबल रिकामं केलं. आम्ही फडकं सोडलं. जाड काच, पितळेची टोपी, काळे ठळक आकडे. बघूनच आदर वाटावा असं. मी माझा जवळचा चष्मा लावला आणि खालून वर वाचायला लागलो.

"नाईक," मी म्हणालो, "हे चाळीसपासून सुरू होतं."

"व्हय. काजू भाजायच्या खोलीतलं हाय ते."

"थंडी चाळीसच्या खाली असते."

नाईकांनी थर्मामीटर हातात घेतलं, उलटं धरून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. "तेवीस वर्षं बघितलं याच्याकडं," ते हळूच म्हणाले. "पण एकदाबी खाली बघायची वेळ आली नव्हती."

मंगल आत गेली. स्वयंपाकघरातून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. हसू दाबायचं असलं की ती भांडी लावते.

मग माझं दुकानातलं साधं थर्मामीटर पंच झालं. सकाळी पहिली तपासणी माझ्याच गॅलरीत. नाईकांनी गॅलरीत पाऊल ठेवलं आणि हात पुढं करून म्हणाले, "हितं शेकोटी कुठं हाय?" शेजाऱ्यांच्या गॅस गीझरची नळी माझ्या गॅलरीकडं तोंड करून होती. ती बरोबर माझ्या थर्मामीटरच्या वर फुंकत होती. मी दोन महिने शेजाऱ्यांच्या अंघोळीचं तापमान ग्रुपवर कळवत होतो.

मी बाद झालो. आम्ही स्कूटरवरून बावड्याला निघालो. त्या सकाळची थंडी मला अजून गुडघ्यांत आठवते. धुकं इतकं की रस्त्यावर पुढच्या म्हशींची फक्त शेपटं दिसत होती. दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर धार काढायला म्हशी चालल्या होत्या, त्यांच्या मागून आम्ही, आणि आमच्या मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत, "पावणं, म्हशी आवरा की तुमच्या."

तानाजी दारात उभाच होता. दोन कानटोप्या, मफलर, स्वेटरवर जाकीट. डोळे आणि नाक तेवढं हवेत.

"चला, दावतो," म्हणाला आणि आम्हाला घरामागच्या परड्यात घेऊन गेला. परड्यात गोठा होता. गोठ्यात तीन म्हशी. आणि मधल्या म्हशीच्या डोक्यावर, जिथं तिचा श्वास थेट पोचतो अशा खांबावर, खिळ्याला लटकलेलं ते थर्मामीटर. फोटोत म्हशी कधीच दिसल्या नव्हत्या.

म्हैस रवंथ करत होती. तिनं एक लांब सुस्कारा सोडला आणि थर्मामीटरची काच माझ्या गिऱ्हाइकांच्या चष्म्यासारखी पांढरी झाली.

"तानाजीराव," नाईक म्हणाले, "हे हितं का लावलंय?"

"मग? बाहेर लई गार लागतंय की. पहाटं उठून बघायचं म्हणजे आडोसा नको?"

"म्हणजे तुमी इतके दिवस म्हशीचा ताप बघताय."

आम्ही माझं थर्मामीटर बाहेर पेरूच्या झाडाला लावलं. आत येऊन तानाजीच्या बायकोनं, शोभावहिनींनी, दिलेलं धारोष्ण दूध प्यालो. ग्लास हातात धरून नुसतं बसावं असं ते दूध होतं. थोड्या वेळानं बाहेर जाऊन बघितलं. आठ.

तानाजीनं वाकून बघितलं. मग एक कानटोपी काढून बघितलं. सबंध हिवाळाभर तो ज्या लढाईत हरत होता ती त्यानं कधीच जिंकली होती, आणि त्याच्याच म्हशीनं ती बातमी अडवून ठेवली होती. त्यानं म्हशीकडं जसं बघितलं तसं कुणी सख्ख्या भावाकडं वाटणीच्या वेळी बघतं.

पुढचे तीन-चार दिवस 'वाजवा की' ग्रुपवर दुसरं काही आलं नाही. पेरूच्या झाडाचे फोटो. आठचा फोटो. साडेसातचा फोटो. कानटोपीतल्या तानाजीचा पेरूच्या झाडाशेजारी उभा राहून फोटो. "कळंबेकर झोपले काय?" "मुख्याध्यापिका गैरहजर." मॅडमकडून एक अक्षर नाही. आणि मग गुरुवारी दुपारी त्यांचा निरोप आला: "या महिनाअखेरीस मी हा ग्रुप आणि रविवारचा रियाज सोडत आहे. कारण विचारू नये. सर्वांना शुभेच्छा."

तानाजी तासाभरात माझ्या दुकानात. फाउंड्रीतले काळे हात तसेच. गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं होतं, त्याच्या शेजारच्या स्टुलावर तो मटकन बसला.

"माझ्यामुळं झालं," म्हणाला. "मी लई वर आलतो."

"थोडंसं," मी म्हणालो.

"आठ निघाले तिथंच गप बसाय पायजे होतं. आता त्या न्हाईत तर आपलं काय? आपण तिघं वाजवणार? लोक रंकाळ्यात ढकलतील."

हे खरं होतं. पण ते एवढंच नव्हतं. मला आठवत होतं, पहिल्या वर्षी मला एक चाल महिनाभर येत नव्हती. मॅडम दर रविवारी तेवढाच तुकडा माझ्याकडून घोटून घ्यायच्या, न कंटाळता, आणि ज्या दिवशी ती आली त्या दिवशी त्यांनी फक्त "हं" म्हटलं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर आपल्याला कुणी काही नव्यानं शिकवत नाही. ते "हं" मी घरी जाऊन मंगलला सांगितलं होतं.

रविवारी आम्ही दोघं कळंब्याला गेलो. तानाजीनं माफी म्हणून गुऱ्हाळातून ताज्या, कढत काकवीची बरणी आणली होती. ती त्यानं स्कूटरवर मागं बसून पोटाशी धरली, त्यामुळं वाटभर तो गरम होता आणि मी गार. कॉलनीतलं छोटं बैठं घर, दारात मोगऱ्याची कुंडी, दार बंद, खिडक्या बंद. खिडकीच्या फटींवरसुद्धा आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या.

मॅडमनी दार उघडलं. साडीवर घरातला जुना स्वेटर, हातात वाटी-चमचा. त्यांना असं आम्ही कधी बघितलं नव्हतं.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. दार त्यांनी अर्धंच धरलं होतं.

"मॅडम, चुकलं," तानाजी एका दमात म्हणाला. "तुमचीच थंडी जास्त. मी लेखी देतो."

आतून आवाज आला. "कोण हाय गं? गार हवा येतीया, आत तरी घे न्हायतर घालव तरी."

आत कॉटवर एक म्हाताऱ्या बाई दुलईत बसल्या होत्या. पांढरे केस घट्ट विंचरलेले, डोळे लखलखीत. मॅडमच्या आई. पावसाळ्यात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून कॉटवर. बघायला एक बाई यायची, पण उसाचा हंगाम लागला तशी ती रविवारची यायची बंद झाली. आईला एकटं टाकून मॅडम रंकाळ्यावर येणार कशा? हे सगळं आम्हाला तिथं उभ्या-उभ्या, तुकड्या-तुकड्यानं कळलं. आठ अंशांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तानाजीचा चेहरा उतरला. आपल्यामुळं झालं नाही याचं त्याला बरं वाटावं की वाईट, हे त्याला ठरवता येईना.

"जयभीम मावशी," तो म्हणाला आणि काकवीची बरणी कॉटच्या पायाशी ठेवून, लहान पोरासारखा खाली बसला.

"जयभीम. तूच व्हय तो बावड्याचा? थंडी मोजणारा?"

"व्हय."

"मोजून कमी हुती व्हय रं?"

मावशी माझ्याकडं वळल्या. "वडगावच्या मळ्यांत आमी असल्या थंडीत भांगलायला, तण उपटायला जायचो. पायात काय न्हाय. उसाच्या पाल्यावर दव असायचं, हात कापायचे ते गारठ्यात कळायचं न्हाय, घरी येऊन चुलीम्होरं बसलो की मग कळायचं. किती थंडी हुती ते इचारायचं सुचलंच न्हाय कुणाला. आता एवढी शिकली माणसं, म्हशीखाली जाऊन बघत्यात." कोल्हापूरच्या जुन्या बायकांप्रमाणं त्या स्वतःबद्दल बोलताना 'आलो-गेलो' असंच बोलायच्या. म्हशीची गोष्ट त्यांना माहीत होती, याचा अर्थ मॅडम ग्रुपवरचं सगळं त्यांना वाचून दाखवत होत्या.

मॅडमनी चहा ठेवला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मॅडम, रविवारी यायला जमत नसलं तर घरी तरी वाजवता ना?"

"नाही," त्या हळू म्हणाल्या. "आईला त्रास नको. आधी न्हाणीघरात दार लावून वाजवायचे, ती झोपली की. आता तेही बंद केलंय."

"बंद केलंयस?" मावशींनी मान वळवली. "मला वाटलं, त्या कागदामुळं आयकू येईना झालंय."

चहाचं आधण आत उकळत होतं. मॅडम स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

"तुला ऐकू यायचं?"

"न्हाणीची झडप ह्या खिडकीकडंच हाय की गं. रोज आयकायचो. तू वाजवायला बसलीस की मी डोळं मिटून घ्यायचो. न्हायतर तू येऊन बघणार, जागी दिसलो की बंद करणार." मावशी आमच्याकडं बघून म्हणाल्या, "थंडीआधी बरं असायचं. खिडक्या उघड्या. थंडी आली की ही दारं-खिडक्या लावती, कागद काय चिकटवती. मला थंडीचं काय न्हाय वो. थंडीत आवाज आत येत न्हाय, तेवढंच वंगाळ."

तानाजी उठला. कुणाला न विचारता त्यानं खिडकीच्या फटीवरचा कागद फाडायला सुरुवात केली. "मॅडम, माफ करा, पण हे काढतो," म्हणाला आणि मग स्वतःच्या नाकावर वारं लागल्यावर मफलर वर ओढून घेतला.

"अहो पाटील, खिडकी कशाला? मी इथंच आहे की. इथंच वाजवते," मॅडम म्हणाल्या. तोपर्यंत दार-खिडकी दोन्ही सताड उघडी झाली होती.

त्या दिवसापासून आमचा रियाज कळंब्याला होतो. याही वर्षी होतोय. नाईक महिन्यातून एकदा थेट तिथंच उतरतात आणि मावशींसाठी वेगळी पुडी आणतात. मावशी आता काठी धरून अंगणापर्यंत येतात. तानाजीबद्दल त्यांचं मत आहे की तो वाजवत नाही, भाता मारतो. माझ्याबद्दल त्यांनी अजून मत दिलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी मध्यंतरी तक्रार केली होती की रविवारी सकाळी झोप होत नाही. मावशींनी त्यांना बोलावून समोर बसवलं आणि पूर्ण तासभर ऐकवलं. त्यानंतर ते रविवारी सकाळीच फिरायला जातात, आणि त्यांच्या बायकोचं म्हणणं, पोट कमी झालंय.

पण मला पुन्हा पुन्हा आठवते ती पहिली सकाळ. मॅडमनी कपाटातून माउथ ऑर्गन काढला, तो बर्फासारखा गार असणार, म्हणून तळहातांत चोळला. आमच्याकडं पाठ करून आईसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि वाजवायला लागल्या. रंकाळ्यावर त्या जी जुनी गाणी वाजवायच्या त्यांतलं ते नव्हतं. साधी, गोल फिरून परत येणारी चाल. मला ती कुठल्यातरी सिनेमातली वाटली, नाव आठवेना.

मावशींनी डोळे मिटले होते. चाल मध्यावर आली तशी त्यांनी दुलईतून हात बाहेर काढला.

"थांब. तितं चुकतंय."

मॅडम थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी थांबवलेलं मी बघितलं नव्हतं.

"न्हाणीतबी रोज तितंच चुकायचीस. सांगायचं तर कसं सांगणार, मी झोपलेलो की." मावशी जरा खाकरल्या. "भांगलताना ह्ये म्हणायचो तवा हितं आमी वाकलेलो असायचो. म्हणून आवाज खाली यायचा. तू वर नेतीस. तू बांधावर बसलेली असायचीस, तुला कुठलं वाकायला लागलंय."

आणि त्यांनी तो तुकडा म्हणून दाखवला. आवाज फाटका होता, मधे दम संपला, पण जिथं खाली यायचं तिथं तो अलगद खाली आला. मॅडमनी तेवढाच तुकडा वाजवला. मावशींनी मान हलवली. नाही. पुन्हा वाजवला. नाही. मुख्याध्यापिकाबाई स्टुलाच्या कडेवर सरकल्या, पाय जुळवून, पाठ ताठ करून बसल्या. दारातून बोचरं वारं येत होतं, तानाजीचे दात वाजत होते आणि ते ऐकू येऊ नये म्हणून त्यानं मफलरचं टोक तोंडात धरलं होतं. आत चहा उकळून उकळून आटला होता. कुणी उठलं नाही.

कितव्यांदा ते आठवत नाही, पण एकदा सूर खाली आला. बरोबर तसाच. मॅडम पुढं गेल्या, चाल गोल फिरून पुन्हा त्या जागी आली आणि पुन्हा तशीच वाकली. संपल्यावर त्यांनी माउथ ऑर्गन मांडीवर ठेवला आणि आईकडं बघत राहिल्या.

मावशींनी हात दुलईत घेतला. दुलई हनुवटीपर्यंत ओढली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता दार लावा. गार लागालंय."